थंड छातीचा

सिरोच्या पायात चेंडू आला आणि तो थांबला. नेहमीसारखाच. पायाच्या तळव्याखाली चेंडू दाबला, मान वर केली आणि बागेत फिरायला आल्यासारखा उभा राहिला.

लगेच सभासदांच्या स्टँडमधून ती कुजबुज सुरू झाली. शिट्ट्या परवडल्या, शिव्या परवडल्या, पण ही कुजबुज नको. तोंड न उघडता, दातांतल्या दातांत, शेकडो माणसं एकदम कण्हल्यासारखी करतात. करणारा कोण ते सापडत नाही, म्हणून कुणाच्या अंगावर जाताही येत नाही. नेलिदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"थंड छातीचा," शेजारच्या खुर्चीतून तिचा धाकटा भाऊ बेतो म्हणाला. "आपल्या क्लबात असा बर्फाचा गोळा कुणी आणला?"

या गावात माणसाला चोर म्हणा, दारुडा म्हणा, तो हसून सोडून देईल. पण फुटबॉलपटूला थंड छातीचा म्हणालात, तर ते त्याला जन्मभर चिकटतं. छातीत धग नाही, क्लबासाठी जीव जळत नाही, हरला तरी रात्री पोटभर जेवतो, असं सगळं त्या एका शिवीत येतं.

मैदानावर तोवर सिरोच्या अंगावर दोन जण धावून आले होते. ते अगदी जवळ येईपर्यंत तो हलला नाही. मग बुटाच्या बाहेरच्या कडेनं त्यानं चेंडू असा सरकवला की त्या दोघांनी सोडलेल्या रिकाम्या जागेत तो कडेनं धावणाऱ्या आपल्या विंगरच्या पुढ्यात जाऊन पडला. विंगरनं गोल मारला. स्टँड उभा राहिला आणि विंगरच्या नावानं ओरडू लागला.

"बघितलंस?" नेलिदा म्हणाली.

"बघितलं. गोल त्यानं मारला का?"

"डोळे आहेत की बटणं शिवलीत, बेतो? ते दोघं कुणासाठी धावत आले?"

"ते धावत आले. तेच म्हणतोय मी. समोरचे धावतात, आपला उभा राहतो. त्याच्यात दम नाही, नेली."

"तो दम धरतो. तुला कुठून कळायचं? तू आईच्या पोटात दम धरला नाहीस, सातव्या महिन्यात बाहेर आलास."

मागच्या रांगेतले हसले. बेतोही हसला, पण त्याचे कान लाल झाले.

सगळं गाव असंच फाटलं होतं. खाटकाच्या दुकानात सिरोचं नाव काढायला बंदी होती, कारण तिथे सुरे हाताशी असतात. पलीकडच्या, उभ्यानं सामना बघायच्या स्टँडात ढोल बडवणारी पोरंसुद्धा दोन टोळ्यांत वाटली गेली होती. नेलिदाला त्यांचं सोयरसुतक नव्हतं. तिचा राग वेगळा होता. सिरो मायदाना चौदाव्या वर्षी दूरच्या चाको प्रांतातून आला, तेव्हा क्लबानं त्याला तिच्या घरी ठेवला होता. ती विधवा, मूलबाळ नाही, मागची खोली रिकामी. पाच वर्षं तो तिच्या हातचं जेवत होता. तिचा नवरा होता तेव्हा त्या दोघांनी असाच एक थांबणारा खेळाडू पाहिला होता, आणि नवरा म्हणायचा की धावायला कुत्रंही धावतं, थांबायला डोकं लागतं. या पोरात ते डोकं आहे हे तिनं पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवारी बेतो जेवायला आला. बायको गेल्यापासून त्याचे रविवार बहिणीकडेच असत. सिरो मागच्या खोलीत आईशी फोनवर बोलत होता. बेतोनं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"समितीत बोलणं झालंय. जूनमध्ये त्याचा करार संपतो. पुढे वाढवायचा नाही."

नेलिदाच्या हातातला राविओलीचा झारा तसाच राहिला. "कोण म्हणतं?"

"सगळेच. कोच घाबरतो. त्याला खेळवलं की स्टँड कुजबुजतो, आणि स्टँड कुजबुजला की पुढे कोचची गच्छंती."

"आणि तू? समितीत तूही बसतोस. तू काय केलंस?"

"मी हात वर करणार."

"माझ्या घरात, माझ्या ताटावर बसून सांगतोस?"

"मग काय पाठीमागून करू? तोंडावर सांगतोय." बेतोनं पाव मोडला. "नेली, पोरगा वाईट नाही. पण लोकांना बघायचंय की याला आपल्यासाठी काहीतरी वाटतं. त्याचा शर्ट बघ. मॅचनंतर न धुता घडी घालून ठेवला तरी चालेल. एकदा तरी लोळ म्हणावं. एकदा तोंडावर पडून गवत खा म्हणावं. मी स्वतः हात खाली घेईन."

"गवत खायला तो काय तुझ्यासारखा बैल आहे?" ती म्हणाली आणि त्याच्या ताटात सॉस असा ओतला की चार थेंब त्याच्या पांढऱ्या शर्टावर उडाले. तिनं माफी मागितली नाही.

पण तो गेल्यावर तिचा जीव टांगणीला लागला. चाकोच्या त्या गावात सिरोच्या बापाची लाकूड कापायची गिरणी होती आणि तिथे गेलेलं पोर परत येत नाही. मागच्या खोलीतला पलंग रिकामा होणार, आणि तो डोकेबाज खेळ भुशात जाणार. समितीच्या गाढवांना तिनं मनातल्या मनात लाखोली वाहिली. पण लाखोलीनं करार वाढत नाही. शनिवारी सकाळी तिनं सिरोपुढे कॉफी ठेवली आणि समोर बसली.

"आज एकदा लोळ."

"कुठे?"

"मैदानात. स्टँडच्या समोर. चेंडूवर स्वतःला झोकून दे. शर्ट मळव."

सिरो बुचकळ्यात पडला. तो तिला मानानं 'दोन्या' म्हणायचा. "पण दोन्या नेली, चेंडू कुठे जाणार ते मला आधी दिसतं. मी तिथे उभा असतो. मग लोळायचं कशाला?"

त्याचं बरोबर होतं. ते इतकं बरोबर होतं की तिला त्याचाच राग आला.

"तुला दिसतं, त्यांना दिसत नाही. आंधळ्यांपुढे नाचायचं तर पाय आपटावे लागतात. एवढं माझ्यासाठी कर."

"तुम्ही म्हणता तर करतो," तो म्हणाला. पाच वर्षांत त्यानं तिचा शब्द मोडला नव्हता.

त्या दुपारी उत्तरार्धात एक चेंडू रेषेबाहेर चालला होता. कुणालाच त्याचा उपयोग नव्हता. सिरो वीस पावलांवरून धावत सुटला, दोन्ही पाय पुढे टाकून घसरला आणि त्यानं चेंडूसकट समोरच्या खेळाडूला जाहिरातीच्या फळ्यांवर नेऊन आदळलं. पिवळं कार्ड मिळालं. तो उठला तेव्हा छातीपासून गुडघ्यापर्यंत चिखल होता.

स्टँड पेटला. पोटं सुटलेले सभासद खुर्च्यांवर चढले. पलीकडच्या दोन्ही टोळ्यांचे ढोल एका तालात वाजायला लागले आणि पहिल्यांदाच पूर्ण मैदान त्याच्या नावानं गरजलं. बेतोनं बहिणीला मिठी मारून उचललं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. नेलिदाही रडली. पोरगा राहिला, एवढंच तिच्या मनात होतं.

जूनमध्ये करार वाढला. बेतोनं हात वर केला नाही.

आणि सिरो थांबेनासा झाला. आधी तिला वाटलं, चार दिवसांचं आहे. मग प्रत्येक शनिवारी तो चेंडूमागे, माणसांमागे, पंचामागेसुद्धा धावू लागला. संघ तीन सामने ओळीनं हरला, तरी कुणाची तक्रार नव्हती. हरलो पण छाती होती, असं म्हणत लोक घरी जात. एका सामन्यात उजवीकडे विंगर एकटा उभा राहून हात हलवत होता. चेंडू सिरोच्या पायात होता, अंगावर कुणी नव्हतं, श्वासभर थांबला असता तर गोल होता. त्यानं चेंडू सरळ लाथेनं स्टँडात भिरकावला आणि मुठी आवळून प्रेक्षकांकडे पाहिलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या कडकडाटात नेलिदाला एक आवाज ऐकू आला. कुणीतरी दातांतल्या दातांत कण्हत होतं. तिनं रागानं वळून पाहिलं. मागे सगळे टाळ्या वाजवत होते. मग तिच्या लक्षात आलं की आवाज तिच्याच घशातून येतोय.

त्या रविवारी बेतो वाइनची बाटली घेऊन आला. आता तो सिरोशेजारी बसायचा आणि त्याच्या पाठीवर थापा मारायचा. नेलिदानं वाढलं. तिला बोलायचं होतं. आठवडाभर ती मनात जुळवत होती: पोरा, तो खेळ परत आण, मी चुकीचं सांगितलं, मला तुझं जाणं सोसवणार नव्हतं म्हणून सांगितलं. पण बेतोच्या तोंडाला विश्रांती नव्हती.

"तो राखीव संघातला नवा मुलगा कसा आहे रे?" त्यानं विचारलं. "एन्त्रे रिओस प्रांतातला. कोच फार वाखाणतो."

सिरोचं तोंड भरलेलं होतं. त्यानं खांदे उडवले, घास गिळला.

"पाय छान आहेत त्याचे," तो म्हणाला. "पण चेंडू आला की उभा राहतो. इकडे बघ, तिकडे बघ. थंड छातीचा आहे."

बेतोनं टेबलावर असा हात आपटला की पेले हलले. "ऐकलंस, नेली? ऐकलंस आपला पोरगा काय म्हणतो?"

"ऊठ," नेलिदा म्हणाली.

"काय?"

"ऊठ आणि नीघ माझ्या घरातून."

बेतो हसला, मग तिचा चेहरा पाहून हसायचा थांबला. "अगं, मी काय केलं? बोलला तो."

बोललं कोण ते तिला चांगलं ठाऊक होतं. सिरो समोर बसला होता, काटा हातात धरून, आपलं काय चुकलं ते न कळून तिच्याकडे पाहत होता, आणि त्याला घराबाहेर काढायची तिच्यात हिंमत नव्हती. म्हणून तिनं भावाचं अर्धं भरलेलं ताट त्याच्या पुढ्यातून ओढून घेतलं.