पेशंटच्या सहीशिवाय

"बहेनजी, इधर पेशंट का साइन लगेगा," म्हणत राजेंद्रने फॉर्म काचेखालून परत सरकवला.

"पेशंट जेल में है, भाईसाहब. साइन कहाँ से लाऊँ?"

मँचेस्टरच्या त्या हॉस्पिटलात राजेंद्र कांबळे एकवीस वर्षं रेकॉर्ड्सच्या खिडकीत बसत होता. आणि कोणी काही म्हणो, गडी नियमाचा पक्का! समोर उभी होती बलुचिस्तानची नाझबीबी. तिचा भाऊ दिलमुराद तिकडच्या फुटीरतावाद्यांचा पुढारी. दोन महिन्यांपूर्वी पकडला गेला आणि बंद दाराआड लष्करी खटला सुरू झाला. सात वर्षांपूर्वी तिकडे एका चौकीवर बाँब फुटला, तेव्हा तो तिथे हजर होता, असं साक्षीदार सांगत होता. त्या दिवशी तर दिलमुराद इथे, पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन वॉर्डात पडलेला! तेवढी नोंद शुक्रवारच्या आत वकिलाकडे गेली, तर फाशी टळायची आशा होती.

राजेंद्रने स्क्रीनवर पाहिलं. तारीख, वॉर्ड, सगळं जुळत होतं. बोट प्रिंटच्या बटणापर्यंत गेलंसुद्धा.

पण तिथेच थांबलं. त्याचे वडील दादासाहेब सांगायचे, बाबासाहेबांच्या कायद्याने आपल्याला माणूस केलं, तो आपण कुणासाठी वाकवायचा नाही. राजेंद्रने सख्ख्या बायकोचे रिपोर्टसुद्धा कधी चोरून पाहिले नव्हते. त्याने लीगल डिपार्टमेंटला मेल केला. वर 'अर्जंट' लिहिलं, अगदी मनापासून.

"महिना लगता है," तो म्हणाला. "मैं जल्दी करवाता हूँ."

तिने फॉर्मची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि ती निघाली. 

"अहो, एक कागद तर होता, द्यायचा की!" घरी त्याची बायको रचना चिडली.

"जॉब गेला असता माझा."

"जॉबचं मला नका सांगू. तुम्हाला तुमचं रेकॉर्ड क्लीन ठेवायचं होतं."

राजेंद्रने ताट बाजूला सरकवलं. बाई खरं बोलत होती.

शुक्रवार गेला. तो रोज लीगलला फोन करी, तिकडून रोज तेच, 'अंडर रिव्ह्यू'. तेविसाव्या दिवशी उत्तर आलं. पेशंटची सही आवश्यक.

पुढच्या महिन्यात नाझबीबी पुन्हा आली. या वेळी चेहरा अगदी शांत.  राजेंद्र खुर्चीतून उठला.

"बहेनजी, वो हमारे लीगलवाले…"

"वो रिकॉर्ड अब भी चाहिए," म्हणत तिने फोन काचेला लावला. पडद्यावर तुरुंगाच्या शिक्क्याचा दाखला होता. फाशी मंगळवारी पहाटे दिली होती.

राजेंद्रला स्वतःची इतकी लाज वाटली की वर बघवेना. "अब ये कागज किसके लिए?" त्याने कसंबसं विचारलं.

"अम्मा के लिए. पूछती हैं, उस दिन मेरा बेटा था कहाँ."

मृत पेशंटसाठी फॉर्म वेगळा असतो. त्यावर जवळच्या नातेवाइकाने सही करायची. राजेंद्रने तो काढून दिला. उभ्याउभ्याच तिने एकेक रकाना सावकाश भरला, नात्यापुढे 'बहीण' लिहिलं, मृत्यूची तारीख घातली, सही केली.

राजेंद्रने सवयीने वरपासून खालपर्यंत तपासला. फॉर्ममध्ये एकही चूक नव्हती.