वाटून घेतलेल्या गोळ्या

सुगंधाच्या तब्येतीची चौकशी करणारं मुंबईच्या इस्पितळाचं पत्र आलं, तेव्हा तिला जाऊन महिनाही झाला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं : बाई तपासणीला आल्या नाहीत, कशा आहेत? गोळ्या रोज घेतात ना? तिच्या नवऱ्यानं, खंडेरावांनी ते वाचलं, घडी घातली आणि कपाटातल्या पुस्तकांमागे सारलं. पावसाळा आला आणि सरला. उत्तर काही गेलं नाही.

लिहिण्याचा त्यांना कंटाळा नव्हता. तारापूरच्या कारखान्यात, स्टोअरमध्ये, जन्मभर त्यांनी दुसरं केलं तरी काय? पण गोळ्यांच्या प्रश्नापाशी आले की हात थांबायचा.

शहाऐंशी साली बोईसरला बायकांच्या तपासणीचं शिबिर भरलं होतं. छातीत गाठ सापडलेल्या बायांत सुगंधा होती, आणि केळव्याहून मासळी घेऊन दारावर येणारी जमनाही होती. दोघींची ऑपरेशनं मुंबईला एकाच आठवड्यात झाली, खाटाही शेजारीशेजारी. मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं की एक नवी गोळी आहे, तिचा उपयोग किती ते अजून नक्की ठाऊक नाही. म्हणून चिठ्ठ्या टाकून निम्म्या बायांना गोळी द्यायची, निम्म्यांची नुसती तपासणी करायची. सुगंधाला गोळी निघाली. जमनाला नाही.

"चिठ्ठीत निघालं नाही म्हणून ती मरायची होय?" घरी आल्यावर सुगंधा म्हणाली, आणि बाटली उघडून निम्म्या गोळ्या तिनं कागदात बांधल्या. त्यानंतर प्रत्येक बाटलीतल्या निम्म्या जमनाच्या टोपलीत जायच्या. खंडेरावांना ते बरोबर वाटत नव्हतं. पण चूक आहे असंही ठामपणे वाटेना. ठामपणे त्यांना क्वचितच काही वाटे. दुखणं हाडांत उतरलं, सुगंधा गेली, तरी ते गप्पच राहिले.

आज दुपारी जमनानं ओट्यावर टोपली उतरवली आणि पदरानं घाम पुसला.

"भाव, मुंबयला जाऊन आले. डाक्टरीणबाई लय खूश. म्हणं, जमना, तुला तर गोली पण दिली नव्हती, नि बघ कशी धडधाकट हाय!" ती हसली. "मी कशाला बोलते? वयनीचं पण इचारलं. पत्राला उत्तर नाय म्हणं. मी म्हटलं, गेली. म्हणं, गोली रोज घेत होती ना? म्हटलं, होती. बाईनी लिवून घेतलं."

खंडेराव दाराशीच बसले. आपण गप्प राहिलो म्हणजे इस्पितळाच्या नोंदीत सुगंधाची जागा कोरी राहील, असं ते धरून चालले होते.

"जमनाबाई," ते हळू म्हणाले, "गोळी घेणारी गेली आणि न घेणारी जगली, असं झालं की त्यांच्या लेखी. अशा आणखी चार निघाल्या तर गोळी फुकट ठरेल. पुढं कुणाला देणारच नाहीत."

जमनाचं हसू मावळलं. "मग सांगायचं म्हणता?"

"हो."

"हाकलतील मला! दुसरी गाठ आली तर कुठं जाऊ मी? नाव न घालता लिवा."

"नाव नसेल तर त्यांना कळणार कसं, कुणाकुणाचं चुकलंय ते?"

ती टोपलीवरच्या माश्या वारत राहिली. मग एकदम उसळली. "इतकी पुस्तकं वाचता, नि एक पत्र लिवता आलं नाय तुमाला?"

"तुमचं नाव आलं असतं," ते म्हणाले. "तिचंही."

"एक इचारू, भाव? सगल्या गोल्या वयनीनं एकटीनं खाल्ल्या असत्या, तर ती आज असती काय?"

हा प्रश्न दुसऱ्या कुणाच्या तोंडून येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. समोर ही बाई जिवंत बसली होती.

"असती कदाचित. नसतीही. आणि तुम्ही..."

"मी नसते. बोला की, बोलायला काय जातं?" जमनानं नाक ओढलं. "मी किती वेला म्हटलं, नको. म्हणायची, गप खा, तुला मासली कापायची अक्कल, बाकीची मला हाय."

खंडेरावांना हसू आलं आणि डोळेही भरले. सुगंधा अगदी असंच म्हणाली असती.

"लिवा," जमना म्हणाली. "माझं नाव लिवा, गावासकट. हाकललं तर टोपली घेऊन बाईच्या दारातच बसेन. वास सोसवला तर सोसवला."

"रात्री निवांत लिहितो."

"आत्ताच. मी बसते. तुमचा भरवसा नाय."

तिच्यासमोर त्यांनी लिहिलं. दोघींनी गोळ्या पहिल्यापासून निम्म्या-निम्म्या घेतल्या. देणारी माझी पत्नी होती, मला माहीत होतं. जमनाबाईंची तपासणी कृपया बंद करू नये. दोन ओळी खोडल्या, एक पुन्हा घातली. हे पुरेसं आहे की नाही, त्यांना कळेना.

पोस्टापर्यंत जमना डोक्यावर टोपली घेऊन बरोबर आली. त्यांनी पाकीट पेटीच्या तोंडाशी धरलं, पण बोटं काही सुटेनात.

"सोडा आता, भाव," ती मागून म्हणाली.

त्यांनी सोडलं.