एकत्र फिरवलेलं

बाबा जेवत नाहीत, म्हणून त्यांच्या नाकातून पोटापर्यंत नळी घालायचं ठरलं होतं. नळी घालणारा दवाखान्यातला ब्रदर दुपारच्या आत येणार होता. थोरलीला बोलावलं होतं ते सल्ल्याला नव्हे, साक्षीला. उद्या कोणी म्हणायला नको, की लेकीला न विचारता केलं. धाकट्या भावाला असल्या गोष्टी बरोबर सुचतात.

दार उघडलं आणि वास आला. फिनेल, ओली चादर आणि त्या सगळ्यावर मारलेला गुलाबाचा फवारा. नुसता मुताचा वास एक वेळ परवडला असता. पाहुणे येणार म्हणून त्याला गुलाब फासायची ही तऱ्हा पाहून थोरलीने नाकाला पदर लावला.

ती खुर्चीत टेकते न टेकते तोच भावाने सुरू केलं, "लोक आईबापाला आश्रमात टाकून मोकळे होतात, ताई. आम्ही घरी ठेवलंय." हे वाक्य तो भेटेल त्याला ऐकवायचा. शेजाऱ्यांना, ऑफिसात, फोनवर. लोकही मान डोलवायचे, श्रावणबाळ म्हणायचे आणि हा लाजल्यासारखं करायचा. बापाचा लंगोट त्याने आजवर एकदाही बदललेला नव्हता. ते काम बायकोचं. कौतुक याचं.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"भूक मेलीय म्हणाले. वजन बघ ना किती उतरलंय. आता नळीशिवाय गत्यंतर नाही."

थोरली आतल्या खोलीत गेली. बाबा उशीला टेकून बसवलेले होते. गळ्यात प्लास्टिकचं फडकं, त्यावर वाळलेले करडे ओघळ. कवळी खिडकीतल्या वाटीत पडलेली, पाण्यावर बुळबुळीत साय धरलेली. आयुष्यभर बसच्या डेपोत ग्रीसमध्ये हात घातलेला हा माणूस, पण जेवायला बसला की भलता सोवळा. भाजीचं पाणी भाताला लागलेलं खपायचं नाही. आई चिडून म्हणायची, "पोटात गेल्यावर काय वेगळं राहणारे?" त्यावर ते म्हणायचे, "पोटातलं पोट बघेल. माझ्या तोंडापुरतं मला वेगळं दे."

आता ते फारसं बोलत नसत. थोरलीला मात्र ओळखलं त्यांनी. बोटं हलवून जवळ बोलावलं.

इतक्यात भावजय बाटली आणि चमचा घेऊन आली. "बघा आता तुम्हीच, ताई," ती म्हणाली आणि चमचा पुढे केला. बाबांनी ओठ घट्ट मिटले, मान वळवली. तिने सवयीने डाव्या हाताने त्यांचं नाक चिमटीत धरलं. बाबांचा चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं, शेवटी श्वासासाठी तोंड उघडलं आणि चमचा आत गेला. अर्धं गिळलं, अर्धं हनुवटीवरून फडक्यावर.

"अगं, हे काय करतेस!"

"नाक धरलं की उघडतं तोंड. नाहीतर तासभर बसा." भावजयीच्या आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. कूकरची शिटी कशी काढायची हे सांगावं तसं तिने सांगितलं.

थोरलीने तिच्या हातातून बाटली घेतली. "काय आहे यात?"

"सगळं आहे. दूध, केळं, अंडं, भात, रात्रीची भाजी. गोळ्याही त्यातच टाकते, पोट साफ व्हायची पावडर पण. सकाळी एकदाच मिक्सरमधून काढून फ्रिजमध्ये ठेवते. तीन वेळा पुरतं."

"आणि डॉक्टरांना काय सांगितलंत, काय देता म्हणून?"

"मऊ खाणं देतो म्हणून," भाऊ दारातून म्हणाला. "खोटं आहे का?"

"हे कोणी चाखून बघितलंय?"

भाऊ मोबाइलकडे बघू लागला.

थोरलीने चमचाभर तोंडात घातलं. थंडगार, चिकट, आधी गोड आणि मागून खारट. मग गोळ्यांचा कडू जहर कस घशाला चिकटला. अंड्याचा वास नाकात चढला. ती उठली, मोरीपर्यंत कशीबशी पोचली आणि भडाभडा ओकली. ओकून झाल्यावरही चव जाईना. नळाखाली तोंड धरून ती उभी राहिली. हे तीन वेळा. नाक दाबून. आणि वर म्हणे भूक मेलीय!

मग ती स्वयंपाकघरात गेली. कोणाला न विचारता एक बटाटा उकडला, कुस्करला, मीठ घातलं, चमचाभर लोणी घातलं. बशी घेऊन बाबांसमोर बसली. त्यांनी ओठ मिटलेलेच ठेवले. तिने बशी त्यांच्या नाकाखाली धरली आणि नुसती थांबली. बऱ्याच वेळाने त्यांची जीभ ओठावर फिरली. एक घास गेला. हिरड्यांनी चघळत, चवीने. मग दुसरा. ठसका नाही, ओघळ नाही. अख्खा बटाटा खायला त्यांना एवढा वेळ लागला, की थोरलीचा हात भरून आला. शेवटी त्यांनी स्पष्ट म्हटलं, "मीठ बरोबर आहे."

थोरलीला रडू फुटलं आणि लगेच संतापही आला. "बघ! बघितलंस? जेवतायत की नाही? आता तू चाख ते तुझं मऊ खाणं. चाख म्हणते ना!"

भावाने तोंड वाकडं केलं, पण बहिणीचा अवतार बघून बोट बुडवून चाटलं. पळतच बेसिनकडे गेला. चूळ भरली, पुन्हा भरली, बडीशेपेचा डबा शोधला. तोंड पुसत परत आला तेव्हा थोरलीला वाटलं, आता तरी हा ब्रदरला फोन करून नको म्हणेल.

"घाण आहे खरं," तो म्हणाला. "पण मग नळीच बरी ना? नळीतून गेलं की चव लागतच नाही."

थोरलीने त्याचा चेहरा नीट निरखला. तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरोखर उपाय सापडला होता.

"अरे, ते जेवतायत!"

"आज जेवले. रोज कोण बसणार बटाटा घेऊन? तू?"

भावजय पहिल्यांदाच मान वर करून बोलली. साबणाने तिच्या बोटांची सालं निघाली होती. "तुम्ही रविवारी फोन करता, ताई. बाबा जेवले का विचारता. मी हो म्हणते, तुम्ही ठेवता. मला धड अंघोळीला फुरसत होत नाही. नळी घातली की पाच मिनिटांत काम होतं. तुम्हाला पटत नसेल तर न्या ना त्यांना."

"ने की," भाऊ म्हणाला. "माझं काही म्हणणं नाही."

थोरलीने तोंड उघडलं. मुलाच्या दोन खोल्या डोळ्यांपुढे आल्या. तिथे ती स्वतःच बाहेरच्या खोलीत सोफा पसरून झोपायची, सकाळी कोणी उठायच्या आत आवरून ठेवायची. गुडघ्यासाठी कमोड हवा हे सुनेला सांगायलाही तिची जीभ अजून रेटली नव्हती. नातवाला शाळेतून आणायच्या बोलीवर आज तिला इकडे यायला मिळालं होतं. तिथे बाबांना नेते म्हणायचं? कोणाच्या जिवावर?

तिने तोंड मिटलं. स्वतःची एवढी किळस तिला जन्मात आली नव्हती. मोरीत ओकलं ते बरं होतं त्यापुढे.

बेल वाजली. ब्रदर आला. तरुण, हसतमुख, घाईत. हातमोजे चढवत त्याने नळीचं पाकीट फाडलं, टोकाला जेली लावली. "हात धरा कोणीतरी. ओढतात हे लोक." भाऊ म्हणाला, त्याला असलं बघवत नाही, आणि गॅलरीत गेला. भावजय चादरींची बादली उचलून मोरीत गेली.

उरली थोरली. ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिने बाबांचे दोन्ही हात हातात घेतले. काटक्याच नुसत्या.

बाबांनी तिच्याकडे बघितलं. थोरली जवळ येऊन बसली, म्हणजे पुन्हा काहीतरी भरवणार. त्यांनी आपणहून आ केला. मोठा, विश्वासाने, आणि वाट बघत तसाच ठेवला.

"तोंड मिटा, आजोबा," ब्रदर म्हणाला. "तोंडाचं काही काम नाही आता." आणि त्याने नळी नाकाला लावली.

थोरलीने हात घट्ट धरले.