काचेचा डबा आणि फाटकाची कमान

मी एक जुनी लोखंडी कमान आहे. वयाने फार नाही हं, पण अंगावरचे पोचे पाहिलेत तर तुम्ही मला आजीबाईच म्हणाल. हिंगोली जिल्ह्यातल्या एका रेल्वे फाटकाअलीकडे मी उभी असते. रुळांवर विजेची तार आली, तेव्हा मलाही आणले. जे वाहन माझ्याखालून सुखरूप जाते, त्याला पुढे तारेचे भय नाही. एवढेच माझे काम.

मित्रांनो, सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. मग कडब्याच्या ट्रॉल्या अडू लागल्या आणि कौतुक आटले. औंढ्याला निघालेले टेम्पोवालेसुद्धा चार शिव्या हासडूनच पुढे जात. रंग उडाला, तरी कुणी ढुंकून पाहिले नाही.

गेल्या प्रजासत्ताक दिनी मात्र गंमत झाली. तांड्यावरच्या शाळेत शिकवणारी पुजाताई एकदा काचेच्या छताच्या रेल्वेडब्यातून फिरून आली होती. तो लेकरांना दाखवायचा, म्हणून तिने ट्रॉलीवर बांबूचा डबा उभारला. वर पारदर्शक प्लास्टिकचा घुमट! आधी दोरीने माझी उंची मोजून नेली. कुणीतरी मला विचारून बांधतेय, याचा मला केवढा आनंद झाला!

सकाळी लेकरांनी भरलेला डबा मिरवणुकीला निघाला आणि माझ्या दांड्याला टणकन काहीतरी लागले. घुमटावर तांब्याचा कळस होता.

"हे कुणी लावलं?" पुजाताईने कपाळाला हात लावला.

"मी," तिची आजी जनकाबाई म्हणाली. "शिखर बांधलं अन् कळस न्हाई?"

"आजी, हा रेल्वेचा डबा हाय!"

"असंल. चढवलेला कळस उतरवत न्हाईत."

फाटकापलीकडे ढोल वाजू लागले. ट्रॅक्टरवाला देविदास पाना घेऊन उतरला. "दोन नट ढिले करतो, दांडा वर सरकवतो. कोन बघून राहिलं?"

पुढे तार, घुमटात लेकरे, आणि मला तोंड नाही!

"पाना ठेवा, काका!" पुजाताई ओरडली. "खऱ्या काचेच्या डब्यालाबी उंचीची हद्द असते. वर तार हाय. आपन कोन लागून गेलो?"

जनकाबाईने तारेकडे पाहिले, मग लेकरांकडे. "उतरव रे देविदास. पन भुईवर ठेवू नको, माझ्या डोक्यावर दे. जल्मभर घागरी वाहिल्या, हा तर तांब्या."

पदराची चुंबळ करून, डोक्यावर कळस घेऊन ती ऐटीत पुढे चालली. मागून घुमट माझ्याखालून अलगद सरकला. वर बघत लेकरांनी एकच गिल्ला केला. माझ्याकडे इतक्या आनंदाने कधी कुणी पाहिले नव्हते.

परतताना जनकाबाईने माझ्या खांबाला कुंकू लावले. "तकलीफ देते, पन लेकरं राखते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी देविदास पुन्हा पाना घेऊन आला. मी घाबरलेच. त्याने माझे सैल झालेले नट एकेक करून घट्ट आवळले आणि निघून गेला.

मित्रांनो, वाटेत माझ्यासारखी कुणी अडवणारी भेटली, तर रागावण्याआधी एकदा वर बघा.