हिला वळायला शिकवायचंय

ती गाडी वहिनींच्या वाट्याला आली ती निव्वळ त्यांची जिरवायची म्हणून. वाटण्या झाल्या तेव्हा नवरा वकिलासमोर हसत म्हणाला होता, "घर मला राहू दे. तिला गाडी देतो, माझा जीव की प्राण." वहिनींनी भाड्याने घेतलेली खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि खाली सायकल लावायलाही जागा नव्हती, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. चार दिवसांत नाक मुठीत धरून येईल आणि गाडी परत घे म्हणेल, असा त्याचा होरा.

वहिनी गेल्या नाहीत. त्यांनी गाडी सरळ दिराच्या वर्कशॉपमध्ये नेऊन उभी केली. लग्न मोडलं होतं ते नवऱ्याशी. दिराशी कोणी काडीमोड घेतला नव्हता. 'वहिनी' हे नाव तर असं अंगाला चिकटलं होतं, की त्या ज्या डेपोची बस चालवायच्या तिथले लोकही त्यांना वहिनीच म्हणत.

गाडी कसली, गलबतच ते. दोन दारं, वर कापडी टप, आणि बॉनेट एवढं लांब की वहिनी सिग्नलला थांबल्या तरी बॉनेट पुढच्या चौकात पोचलेलं. इंजिन घुमायला लागलं की शेजारच्या दुकानांच्या काचा थरथरत. सरळ रस्त्यावर बाण. वळण दिसलं मात्र, की हिचे हातपाय गळायचे.

हे वहिनींना कळलं ते गावाबाहेरच्या शर्यतीच्या ट्रॅकवर. तिथे अधूनमधून खुला दिवस असे. कुणीही आपली गाडी आणावी आणि पळवावी. इतकी वर्षं बस चालवताना एकच गोष्ट सांभाळली होती, उभा माणूस पडता कामा नये. एकदा तरी मागे कोणी उभं नसताना चालवून बघू, म्हणून त्या गेल्या. पहिल्याच मोठ्या वळणावर गाडी एका कुशीवर कलली, स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी नाक सरळच्या सरळ, आणि त्या थेट गवतात. कठड्यापाशी उभ्या असलेल्या लहान-लहान गाड्यांच्या मालकांत हशा पिकला. "अरे, सोफा घरंगळला!" कुणीतरी ओरडलं.

दुसऱ्या दिवशी त्या वर्कशॉपमध्ये हजर.

"भावजी, हिला वळायला शिकवायचंय."

दीर चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला. "वहिनी, ही ट्रॅकची गाडी नाही हो. संध्याकाळी टप उघडून समुद्रावर एक चक्कर मारायची, चार लोकांनी वळून बघायचं, एवढंच हिचं काम. दादाने दुसरं काय केलं आयुष्यभर?"

"तेच तर. त्यांनी केलं ते मला करायचं नाही."

"मग एखादी हलकी गाडी घ्या ना. अर्ध्या वजनाची."

"आख्खं आयुष्य लोक मला हेच सांगत आलेत," वहिनी म्हणाल्या. अंगाने त्याही चांगल्या भरभक्कम होत्या. "थोड्या हलक्या व्हा, थोडं हळू बोला, थोडं बाजूला सरका. गाडी हीच. आणि स्प्रिंगा सगळ्यात कडक मिळतील त्या लावा."

"सगळ्यात कडक नको."

"सगळ्यात कडक!"

दिराने खांदे उडवले आणि लावल्या. गाडी दोन बोटं खाली बसली आणि दिसायला अशी रुबाबदार झाली, की वहिनींनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. पण वर्कशॉपमागच्या मोकळ्या आवारात जोरात वळवली तेव्हा ती कलली नाही, उड्या मारायला लागली. उखडलेल्या जागेवरून जाताना चाक जमीन सोडायचं, पुढची काच चौकटीत करकरायची, आणि तिसऱ्या फेरीला तर ड्रायव्हरचं दार आपोआप उघडलं. वहिनींनी एका हाताने दार धरलं, दुसऱ्या हाताने स्टिअरिंग, आणि तशाच येऊन थांबल्या. चेहरा पांढराफटक.

दीर हसला नाही. त्याने एका कोपऱ्याखाली जॅक लावला. "दाराच्या फटीत बोट घाला. हां, आता बघा." जॅक चढत गेला तशी फट आवळत आली. वहिनींनी घाईघाईने बोट काढून घेतलं.

"डोक्यावर पत्रा नाही ना," दीर म्हणाला. "बंद गाडीला छप्पर धरून ठेवतं. ही कमरेतच पिळवटते. तुम्ही स्प्रिंग जेवढी कडक कराल, तेवढी अंगानेच वाकेल. आधी हिचा कणा ताठ करायला हवा."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो की! तुम्ही ऐकताय होय कुणाचं?"

वहिनी बाह्या सरसावत म्हणाल्या, "बरं, चुकलं माझं. आता सांगा, काय काय लागेल?"

त्यांच्या सुट्टीचे दिवस मग त्या गाडीखालीच गेले. पुढची आणि मागची चौकट जोडणाऱ्या पोलादी पट्ट्या दिराने खालून वेल्डिंग करून बसवल्या. सीटच्या मागे जाड नळीची कमान आली. गाडी उलटलीच तर डोकं वाचावं म्हणून. कडक स्प्रिंगा निघाल्या, मधल्या ताकदीच्या आल्या. गाडीला कलू न देणारा पुढचा आडवा दांडा बदलला. धक्के जिरवणारे, कमी-जास्त आवळता येतील असे शॉकअप आले, आणि ते किती आवळायचे यावरून दोघांची रोज जुंपायची. सांध्यांमधले झिजलेले रबरी बुश वहिनींनी स्वतः ठोकून काढले. आठवडाभर मनगट सुजलं, पण डेपोत त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही.

"एवढं करून गाडी आणखी जड झाली की हो," एकदा दीर म्हणाला.

"होऊ दे. तिला लाज नाही, मला नाही, तुम्ही कशाला लाजताय?"

ही बातमी नवऱ्याच्या कानावर गेली आणि एका दुपारी तो तरातरा वर्कशॉपमध्ये आला. वहिनी गाडीखाली होत्या. त्यांना फक्त त्याचे चकचकीत बूट दिसले.

"अरे, भोकं पाडलीत? वेल्डिंग केलंत?" त्याचा आवाज चिरकला. "कारखान्यातून निघाली तशी ठेवली होती मी ही! एक ओरखडा नव्हता! आणि तू तिला साथ देतोस? सख्खा भाऊ ना तू माझा?"

"दादा, गाडी त्यांची आहे."

"त्यांची! ती तुझी आता लागते तरी कोण?"

दिराने हातातला पाना फडक्याला पुसला, सावकाश. "वहिनी," तो म्हणाला.

गाडीखाली वहिनींचा हात क्षणभर थांबला. मग त्या घसरत बाहेर आल्या. गालावर ग्रीस, केसांत माती.

"काय अवतार केलायस!" नवरा म्हणाला. "या वयात शर्यती करणार? हसतील लोक. मला आत्ताच्या आत्ता सगळं होतं तसं करून हवंय."

सगळा संसार वहिनींनी या माणसाला 'अहो' म्हटलं होतं. रागावतानाही, वकिलासमोरही. त्या उठून उभ्या राहिल्या.

"तू जा," त्या म्हणाल्या.

त्याला आधी कळलंच नाही. "काय म्हणालीस?"

"तू जा म्हटलं. आम्हाला काम आहे. आणि तुझा पाय माझ्या पान्यावर पडलाय, तेवढा उचल."

त्याने पाय उचलला. आणखी काही बोलायला तोंड उघडलं, भावाकडे बघितलं, आणि आला तसा निघून गेला. वहिनी पुन्हा गाडीखाली शिरल्या. वरून दिराने विचारलं, "चहा सांगू?"

"दोन सांगा. मलाच दोन," त्या खालून म्हणाल्या.

पुढच्या खुल्या दिवशी तपासणी करणाऱ्या माणसाने उघडी गाडी बघून मान हलवायला सुरुवात केली. वहिनींनी त्याला कमान दाखवली, खाली वाकायला लावून पट्ट्या दाखवल्या. पट्टी त्याने हाताने ओढून बघितली आणि सर्वांत धिम्या गटात त्यांचं नाव घातलं. "चालेल," वहिनी म्हणाल्या. "आत तर सोडताय ना."

सरळ रस्त्यावर त्यांना कोणी गाठू शकत नव्हतं. वळणांवर लहान गाड्या मागे येऊन माशांसारख्या घोंघावत. वहिनी हात दाखवून त्यांना वाट देत. मग ते मोठं वळण आलं. त्यांनी ब्रेक दाबला आणि हलकेच सोडला, मागे बसभर माणसं उभी असल्यासारखा. स्टिअरिंग फिरवलं. गाडी बाहेरच्या खांद्यावर जराशी बसली आणि तिथेच थांबली. ना कलली, ना उडाली. नाक आत वळलं. वहिनींच्या तोंडून काहीतरी निघालं. ओरडणं होतं की हसणं, त्यांनाही सांगता आलं नसतं. पुढच्या फेरीला जरा जोरात, त्याच्या पुढच्या फेरीला आणखी जोरात. शेवटी तर मागच्या लहान गाडीला संपूर्ण वळणभर तसूभरही जवळ येता आलं नाही.

आणि मग पायाखाली ब्रेकचं एकदम लोणी, दाबला तरी धरेना. वहिनी घाबरल्या नाहीत. घाटात भरलेली बस असते तेव्हा असं होतं. गिअर उतरवत, इंजिनाच्या जोरावर वेग मारत त्या आत आल्या. चाकांतून धूर निघत होता.

दीर धावत आला. "काय झालं? सस्पेन्शन?"

"फक्कड! ब्रेकने मान टाकली. एवढं धूड थांबवायचं म्हणजे जुने ब्रेक कसे पुरणार? पुढच्या वेळी आधी ते." त्यांनी हेल्मेट काढलं. केस घामाने कपाळाला चिकटलेले.

"पुढच्या वेळी!" दिराने कपाळाला हात लावला. "बरं, आज टोचन लावून नेऊ?"

"टोचन? एवढ्या लोकांसमोर? तपासा, गार होऊ द्या, आणि बसा शेजारी."

ब्रेक गार झाले, धरू लागले. उन्हं उतरताना दोघं टप उघडा टाकून निघाले, अगदी सावकाश. गावाच्या तोंडाशी मोठं गोल चक्कर होतं. रस्ता रिकामा. वहिनींनी गाडी आत घातली, ती चाकोरीतून जावी तशी वळत राहिली. पहिला रस्ता गेला, दुसरा गेला.

"वहिनी, आपला फाटा मागे राहिला," दीर म्हणाला.

"जाऊ दे," वहिनी म्हणाल्या आणि स्टिअरिंग तसंच धरून ठेवलं. "परत येईल."