काळ्या कापडाखालचा प्राण

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत त्या सकाळी पेशंट कमी आणि प्रेक्षक जास्त होते. चष्मेवाला दुकान उघडं टाकून आला होता. फोटोवाला कोपऱ्यात उभा होता. शिंपीणबाई गळ्यातली टेपही न काढता आल्या होत्या. टेबलावर डॉक्टरांचा नवा कॉम्प्युटर होता आणि त्याचं एकच रडगाणं चालू होतं: सिस्टिम सक्रिय नाही. शेजारी आदल्या संध्याकाळपासून काळ्या कापडाखाली झाकलेलं जुनं मशीन, आणि मधे डोळे मिटून संगणकस्वामी.

हे नाव गल्लीनेच ठेवलेलं. महिनाभरात स्वामींनी अकरा दुकानांतल्या जुन्या कॉम्प्युटरचं लायसन्स, म्हणजे सिस्टिम वापरायचा परवाना, नव्यात उतरवलं होतं आणि दरवेळी जुनं मशीन ‘गतप्राण’ म्हणून स्वतःच्या गाडीत घालून नेलं होतं.

दवाखान्यातल्या सिस्टरना नेमकं हेच खटकत होतं. जुन्या मशीनमध्ये हजारेक बाळांच्या लसींच्या तारखा होत्या. एकेक त्यांनी स्वतः टाइप केलेली. आदल्या दुपारी त्या डॉक्टरांना म्हणाल्या होत्या, “नोंदी तरी आधी काढून घेऊ या.”

“नको. हात लावला की प्राण बिथरतो म्हणे.”

“साहेब, तुम्ही डॉक्टर आहात.”

“मी माणसांचा,” डॉक्टर पुटपुटले आणि स्टेथोस्कोप गुंडाळू लागले.

सिस्टरनी वाद घातला नाही. नव्या मशीनच्या खोक्यातली माहितीपुस्तिका घरी नेली, चहा गार होईपर्यंत वाचली, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी दवाखाना उघडला.

“लायसन्स म्हणजे आत्मा,” स्वामी बोलू लागले. “देह जुना झाला की तो नवा देह मागतो. पण भाबडा असतो, वाट चुकतो.” त्यांनी लाल वायरीचे वेढे कापडाभोवती दिले आणि टोक नव्या मशीनला गुंडाळलं. “आता डोळे मिटा. कोणी बघितलं तर तो लाजतो.”

सगळ्यांनी डोळे मिटले. डॉक्टरांनी तर घट्ट. सिस्टर बघत राहिल्या. स्वामींच्या डाव्या हाताने भिंतीजवळची इंटरनेटची केबल उचलली आणि नव्या मशीनच्या पाठीत खुपसली.

मिनिटाभरात पडद्यावर अक्षरं आली: सिस्टिम सक्रिय आहे. खोलीभर कुजबुज झाली. डॉक्टरांचे हात आपोआप जोडले गेले.

“जुनं यंत्र शांत झालं,” स्वामी कापडासकट गाठोडं उचलायला वाकले.

“जरा थांबा,” सिस्टर म्हणाल्या, “शेवटचं दर्शन घेऊ द्या.” आणि कापड ओढलं.

खाली बाळांचं वजन करायचा काटा होता.

शिंपीणबाईंनी शांतपणे विचारलं, “काट्यालाही लायसन्स असतं का हो?”

“यंत्र कधीकधी रूप पालटतं,” स्वामी म्हणाले, पण खोली हसत सुटली होती.

सिस्टरनी औषधांच्या खोलीचं दार उघडलं. आत त्यांनी सकाळीच हलवलेला जुना कॉम्प्युटर धडधाकट चालू होता. “कुणाचा प्राण कुठे गेला नाही,” त्या म्हणाल्या. “कॉम्प्युटरबरोबर आलेलं लायसन्स त्याच्याच आतल्या मदरबोर्डला, म्हणजे मुख्य पाटीला, बांधलेलं असतं. ते दुसरीकडे नेता येत नाही, न्यायची गरजही नव्हती. नवा स्वतःचं घेऊनच आलाय. इंटरनेट जोडलं की कंपनीकडून आपोआप खात्री होते. एवढंच यांनी केलं.”

“मग माझं जुनं मशीन?” कोपऱ्यातून फोटोवाल्याने विचारलं. त्याचा आवाज हसण्यातला नव्हता.

सगळे बाहेर गाडीपाशी गेले. सहा मशीन सापडली. बाकीची विकल्याचं स्वामींनी कबूल केलं, त्यांत फोटोवाल्याचंही होतं. गावच्या पंधरा वर्षांतल्या लग्नांचे, बारशांचे फोटो घेऊन. डॉक्टरांनी पोलिसांना फोन केला. फोटोवाला पायरीवर बसला.

सिस्टर त्याच्याजवळ बसल्या. “आपण चौकशी केली असती तर पाच मिनिटं लागली असती,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “यापुढे कोणी डोळे मिटा म्हणालं, तर आधी का ते विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत उघडेच ठेवा.”