कुत्र्यांचं इंग्रजी

ताइदनी दोन मेलेली कोकरं आणून ओट्यावर, माझ्या पावाच्या पिठाशेजारी ठेवली. एकेक जेमतेम मांजराएवढं. अंगावर अजून लोकरही नीट धरलेली नव्हती.

“महिना बाकी होता,” ते म्हणाले. “तुझ्या नेलने आजच बाहेर काढली.”

नेल टेबलाखाली बसून शेपटी आपटत होती. दहा महिन्यांची कुत्री, पोरच. गाभण मेंढ्यांना तिने पार ओढ्यापर्यंत पळवलं होतं. ताइद वरून ओरडत राहिले, ती थांबली नव्हती.

ताइद म्हणजे माझे सासरे, इथिल. वेल्शमध्ये आजोबांना ताइद म्हणतात; माझ्या मुलाचे, मेबनचे आजोबा, म्हणून मीही त्यांना ताइदच म्हणायची. पन्नास वर्षं या डोंगरावर मेंढ्या आणि कुत्री यांच्यापलीकडे त्यांनी काही केलं नाही. कुत्र्यावर कधी काठी उगारली नाही, आणि कुठलंही कुत्रं दुसऱ्याच्या हातून मरू दिलं नाही. जे थकलं, जे बिघडलं, त्याला स्वतः गोठ्यामागे नेलं, बंदूक घेऊन. अशी अकरा झाली होती. शेगडीपाशी पडलेला तेरा वर्षांचा मॉस बारावा, हे सगळेच धरून चालले होते. नेल त्याच्या आधी जाईल असं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

मी विचारलं, काहीच करता येणार नाही का. ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, मेबनला दुपारी झोपवतेस तसं आत्ता झोपव.

मला काही कळेना. दीड वर्षाच्या मेबनला पाळण्यात ठेवलं, पाठीवर हात ठेवला आणि रोजच्यासारखं म्हटलं, “लाय डाउन, सोन्या.”

टेबलाखाली नेल चटकन आडवी झाली. मेबन खिदळत उठून उभा राहिला. नेलही उठली. मी पुन्हा म्हटलं. दोघं आडवी झाली, दोघं उठली. दिवसातून वीसदा आमचा हा खेळ चालायचा. मला वाटायचं, किती गुणी पिल्लू आहे.



या घरात माणसांशी वेल्श बोलतात आणि कुत्र्यांशी इंग्रजी. ताइदच्या आजोबांनी पहिलं कुत्रं सीमेपलीकडच्या इंग्रजाकडून घेतलं ते शब्दांसकट, तेव्हापासून तसंच. मी बंदरावरच्या शहरात वाढलेली, माझ्या तोंडी इंग्रजी. गेथिन, माझा नवरा, लग्नात पाहुण्यांना सांगत होता की आमच्याकडे इंग्रजी फक्त कुत्र्यांना कळायचं, आता त्यांच्याशी बोलायला कोणीतरी आली. मीही हसले होते.

“पोरी,” ताइद म्हणाले, “या शब्दावर कुत्रं असेल तिथे दगड झालं पाहिजे. तू तिला शिकवलंस की हा शब्द म्हणजे लाड.”

“मला माहीत नव्हतं.”

“तिलाही नव्हतं.”

मग त्यांनी ठरवून टाकलं. महिन्याने मेंढ्या व्यायणार, तोवर मुदत. नेल माझ्या तोंडून बिघडली, तेव्हा माझ्याच तोंडून सुधारेल. नाहीतर तिला गोठ्यामागे न्यायला ते होतेच. आणि घरात मी इंग्रजीचा एक शब्द काढायचा नाही.

घरामागच्या दगडी कुंपणात सहा मेंढ्या सोडल्या. नेलच्या गळ्यात लांब दोर, दुसरं टोक माझ्या हातात. फाटकाशी पाच वर्षांची ग्वेन, ताइदची कामाची कुत्री, बसून सगळं बघायची. तिला कोणी काही शिकवायचं उरलं नव्हतं. नेल धावली की मी ‘लाय डाउन’ ओरडायची, आणि ती पडली नाही की दोन्ही हातांनी हिसका. पहिल्या दिवशी ती हवेत उलटली, पाठीवर आपटली, उठली आणि शेपटी हलवत धावत आली. माझ्याकडेच. तिला वाटलं, लागलंय तर मी कुरवाळीन.

“तोंड फिरव,” ताइद म्हणाले. “हात लावलास तर आजचं फुकट जाईल.”

मी भिंतीकडे तोंड केलं.

असं कधी कुठल्या कुत्र्याला केलं होतंत का, असं मी त्यांना विचारलं. म्हणाले, कधी करावं लागलं नाही.

घरात मी मुकी झाले. माझं वेल्श दुकानातून दूध-पाव आणण्यापुरतं. मेबनला पाजताना नुसती बघत बसायची. तो हळूहळू रडताना गेथिनकडे जायला लागला.

नेल पडली की तिला उठवायचं काम मात्र ताइदचं. ‘दॅट विल डू’, एवढंच म्हणायचे, हलक्या आवाजात, की ती सुटायची. एकदा तरी हे मी म्हणू का, असं विचारलं. कुत्र्याची सुटका एकाच तोंडातून व्हावी, म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यात ती शब्दासरशी पडायला लागली. चिखलात, काट्यांत, हनुवटी जमिनीला चिकटवून. ताइदनी वाकून तिच्या मानेवरचा दोराचा वळ पाहिला, मग माझे तळवे पाहिले. “मलमाचा डबा एकच आहे,” ते म्हणाले. “आधी तिला लाव.” मी जवळ गेले तशी ती थरथरली, पण हलली नाही.

गुरुवारी ताइद आणि गेथिन ग्वेनला घेऊन बाजाराला गेले. मेबन झोपेला आला होता आणि पाळण्यात उभा राहून किरकिरत होता. मी दमले होते. तोंडातून निघून गेलं, “लाय डाउन, सोन्या.”

टेबलाखाली धप्पकन आवाज झाला.

मेबन हसला आणि वाट बघायला लागला, आता उठेल. नेल उठली नाही. मी तिला दोन्ही भाषांत उठायला सांगितलं. ताइदचे शब्द माझ्या आवाजात म्हटले, मग त्यांच्यासारखा जड आवाज काढून. मटणाचा तुकडा धरला. उचलून उभी केली, हात काढताच पुन्हा सपाट. मॉस येऊन तिला हुंगून परत शेगडीपाशी गेला. मेबनला खाली सोडलं, तर त्याने आपलं बिस्किट तिच्या नाकापुढे ठेवलं. थोड्या वेळाने तिच्याखाली ओल पसरत गेली.

चार वाजता ताइद आले. दारातच थांबले. कधीपासून, त्यांनी विचारलं. जेवणाच्या आधीपासून, मी म्हटलं.

“झाली तयार,” ते मागे वळून गेथिनला म्हणाले. इतक्या समाधानाने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी हलकेच त्यांचे शब्द उच्चारले. नेल उठली. पाय बधिर झाले होते, एकदा कोलमडली. माझ्या पायांना लांबून वळसा घालून ती त्यांच्या मागे बाहेर गेली.

मी फडकं आणून फरशी पुसली. ते बिस्किट मात्र मेबनने दोन दिवस उचलू दिलं नाही.